गर्भवतीच्या रक्तातले मायक्रोआरएनए मोजण्याआधी: मराठवाड्यातील वैद्यकीय महाविद्यालयांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अधिष्ठाता आणि जीवरसायनशास्त्र, विकृतिशास्त्र, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभागांचे प्रमुख, मराठवाड्यातील सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालये;
तसेच आठही जिल्ह्यांचे जिल्हा आरोग्य अधिकारी

स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शेवटची पाळी जुलैच्या मध्यात आलेली एखादी बाई धरा. तिचा चोविसावा आठवडा डिसेंबरच्या अखेरीस भरतो, अठ्ठाविसावा जानेवारीच्या अखेरीस. गरोदरपणातल्या मधुमेहाची दुसरी तपासणी याच चार आठवड्यांत करायची असते आणि बहुतेक निदाने तिथेच होतात. त्या वेळी ती सांगली-कोल्हापूरकडच्या नाहीतर बेळगावकडच्या एखाद्या फडात मोळ्या बांधत असते. नाव गावच्या उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये, बाई फडावर. मधुमेह लक्षात न येताच बाळंतपण होते. बाळ जास्त वजनाचे होते, खांदा अडकतो, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरते, आणि यातले काहीच कुठे मधुमेहाच्या नावावर नोंदले जात नाही.

तीच बाई सप्टेंबरअखेर गावातच असते आणि अकरा आठवड्यांची असते. तेव्हाच, साखर वाढण्याच्या आधी, तिच्या रक्तातली एखादी खूण धोका सांगू शकली, तर फडावर जाण्यापूर्वी हाताशी वेळ राहतो. म्हणून मायक्रोआरएनएवरचा अभ्यास मराठवाड्यात व्हायला हवा असे आम्हाला मनापासून वाटते. तो नमुना घेण्याच्या पहिल्या पायरीवरच फुकट जाऊ नये, यासाठी हे पत्र.

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरी आरएनएचे तुकडे. ते स्वतः प्रथिन बनवत नाहीत, कोणते प्रथिन किती बनावे यावर लगाम ठेवतात. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी एका सूक्ष्म कृमीत पहिला मायक्रोआरएनए ओळखला. २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यासाठीच मिळाले. २००८ च्या सुमारास कळले की हे तुकडे रक्तद्रवातही सापडतात आणि चांगले टिकतात, कारण ते प्रथिनांना बांधलेले किंवा सूक्ष्म पिशव्यांत बंद असतात. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत मिर-३७५ ('मिर' म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा क्रमांक) इन्सुलिन सोडण्यावर नियंत्रण ठेवतो. मिर-२९ कुटुंबाचा संबंध इन्सुलिनच्या परिणामाशी आहे. गुणसूत्र १९ वरचा एक मोठा समूह तर जवळपास फक्त वारेतच बनतो आणि आईच्या रक्तात उतरतो. वारेतून येणारा संदेश आईच्या दंडातून मिळतो, या कल्पनेचे आकर्षण आम्हालाही आहे.

निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. २०११ मध्ये चीनमधील एका गटाने, पुढे मधुमेह झालेल्या गर्भवतींच्या १६ ते १९ आठवड्यांतल्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) मिर-१३२, मिर-२९ए आणि मिर-२२२ कमी झाल्याचे दाखवले. २०१५ मध्ये तिथल्याच दुसऱ्या गटाला त्याच आठवड्यांत, पण प्लाझ्मामध्ये (रक्त गोठू न देता पेशी वेगळ्या करून मिळणाऱ्या द्रवात), मिर-१६, मिर-१७, मिर-१९ए, मिर-१९बी आणि मिर-२०ए वाढलेले दिसले. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या स्त्रियांत मिर-२०ए उलट घटलेला निघाला. वंश, वजन, निदानाचे निकष, गरोदरपणाचा आठवडा ही कारणे आहेतच. पण आमच्या मते मोठा वाटा एका फार साध्या गोष्टीचा आहे: रक्त कसे काढले आणि ते किती वेळ तसेच पडून राहिले.

या यादीतला मिर-१६ पाहा. मधुमेहाची खूण म्हणून त्याचे नाव वारंवार येते. पण तो तांबड्या पेशींत ठासून भरलेला असतो. मिर-४५१ए, मिर-४८६ आणि मिर-९२ए हेही तसेच. नळीतल्या थोड्या तांबड्या पेशी फुटल्या की प्लाझ्मातला मिर-१६ कितीतरी पटीने वाढतो. रक्तद्रव डोळ्यांना गुलाबी दिसायच्या आधीच हे होऊन गेलेले असते. मधुमेही गटाचे रक्त महाविद्यालयाच्या वॉर्डात अनुभवी तंत्रज्ञाने काढले आणि निरोगी गटाचे रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोटारसायकलवर तीस किलोमीटर हादरे खात आले, तर दोन गटांत फरक नक्की निघेल. त्याचा आलेख सुंदर येईल, पी व्हॅल्यूही (फरक योगायोगाचा असेल का हे तपासणारा आकडा) छान येईल, आणि मोजलेला असेल तो रस्त्यातला खड्डा. त्यात भर म्हणजे अनेक अभ्यासांत हाच मिर-१६ 'स्थिर' मानून बाकीच्यांचे माप त्याच्याशी ताडलेले असते. मापाचीच फूटपट्टी अशी ताणली गेली की पुढचा प्रत्येक आकडा संशयास्पद होतो.

मराठवाड्यात हे आणखी अवघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या गर्भवतींपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयात तांबड्या पेशींची संख्या, वय आणि नाजूकपणा बदलतो आणि त्यांच्यातून येणारे मायक्रोआरएनएही बदलतात. किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा प्रश्न असतो, ठिकठिकाणी थॅलेसेमिया मायनर असतो. म्हणून प्रत्येक सहभागी स्त्रीचे हिमोग्लोबिन आणि संपूर्ण रक्तगणना त्याच दिवशी व्हायला हवी. सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी अभ्यासात जमेस धरावी. केवळ एचबीए१सीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणाऱ्या आकड्यावर, निदान किंवा गटवारी करू नये. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात म्हणून तो कमी येतो, आणि लोहाची कमतरता असेल तर उगाच जास्त येतो. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकाच बाईत असतात.

आता प्रत्यक्ष कृती. हा भाग आम्ही लांबवतो आहोत, कारण नमुना एकदा बिघडला की पुढे तो कोणत्याही यंत्राने दुरुस्त होत नाही.

रक्त कधी घ्यायचे? मायक्रोआरएनएसाठीचे रक्त ग्लुकोजचे पाणी पाजण्याआधी घ्यायचे, शक्यतो उपाशीपोटी. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतल्या एकाच टप्प्याच्या तपासणीत सुई फक्त दोन तासांनी टोचली जाते. तेच रक्त वापरून एक टोचणी वाचवण्याचा मोह होईल, पण ७५ ग्रॅम ग्लुकोज शरीरात गेल्यानंतरचे रक्त हा वेगळाच नमुना आहे. दुसऱ्या टोचणीची संमती आधीच घ्यावी आणि ती का लागते हे बाईला समजेल असे सांगावे.

सुई २१ गेजची. बारीक सुईतून किंवा स्काल्प व्हेनमधून (पंखाच्या बारीक सुईतून) ओढले की पेशी फुटतात. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे. टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) एक मिनिटाच्या आत सोडावा. सिरिंजने काढले असेल तर दांडा जोराने ओढू नये, आणि नळीत टाकताना सुई काढून रक्त नळीच्या भिंतीवरून सोडावे. आधी जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, मग साखरेसाठीची करड्या झाकणाची फ्लोराइड नळी. हिरव्या झाकणाची हेपॅरिन नळी या कामासाठी कधीच वापरू नये. हेपॅरिन आरएनएबरोबर पुढे जाते आणि पीसीआरचे (प्रती वाढवून मोजण्याच्या पद्धतीचे) एन्झाइम अडवते. नमुना 'शून्य' दाखवतो आणि चूक कुठे झाली हे महिनोन् महिने कळत नाही. नळी भरली की आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करावी. हलवून खुळखुळवू नये.

सीरम की प्लाझ्मा हे सर्व केंद्रांनी मिळून एकदाच ठरवावे. आमचा कौल ईडीटीए प्लाझ्माला आहे. सीरममध्ये रक्त गोठताना प्लेटलेट्स आपले मायक्रोआरएनए बाहेर टाकतात. मिर-२२३ आणि मिर-१२६ यांचे मोठे कोठार प्लेटलेट्समध्येच आहे, आणि किती बाहेर पडले हे गोठायला किती वेळ दिला यावर ठरते.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. अशा वेळी दोन नळ्यांच्या गरजा उलट्या असतात, हे ध्यानात घ्यावे. फ्लोराइडच्या नळीला गारवा हवा. पेशींपासून वेगळे न केलेल्या रक्तातली साखर साध्या तापमानालाही तासाला ५ ते ७ टक्के घटते, उन्हात त्याहून वेगाने. आणि फ्लोराइडचा अटकाव पूर्ण लागू व्हायला एक ते दोन तास जातात. त्या काळात १४४ ची साखर १३६ होते (निदानाची सीमा १४०) आणि एक मधुमेही बाई 'नॉर्मल' ठरून घरी जाते. ईडीटीएच्या नळीला मात्र बर्फाचा थेट स्पर्श नको. गोठलेल्या बाजूला पेशी फुटतात, आणि थंडीने प्लेटलेट्स चेतवल्या जातात. एएनएम ताईंना यासाठी नवे काही शिकवावे लागणार नाही. लसीच्या कॅरियरमध्ये आईस पॅक लगेच घालायचा नसतो, कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचे असते, हे त्या रोज करतात. तसाच पॅक घ्यावा, फ्लोराइड नळी त्याच्याजवळ आणि ईडीटीए नळी जाड कापडात गुंडाळून वेगळ्या कप्प्यात, १८ ते २५ अंशांच्या आसपास राहील अशी, उभी.

सुई टोचल्यापासून दोन तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा व्हायला हवा. जिथून महाविद्यालय दोन तासांच्या आत नाही, तिथे सेंट्रिफ्यूज (नळी वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवणारे यंत्र) नमुन्याकडे गेला पाहिजे. नमुन्याने सेंट्रिफ्यूजकडे जाणे हाच घोळ आहे. ग्रामीण रुग्णालयांत साधा सेंट्रिफ्यूज असतो. त्यावर फेऱ्यांचा आकडा असतो, आणि नोंदवहीत '३००० आरपीएम' एवढेच लिहिलेले असते. त्या आकड्याला एकट्याने अर्थ नाही. मधल्या दांड्यापासून नळीच्या बुडापर्यंतचे अंतर १० सेंटिमीटर असेल, तर ३००० फेऱ्यांना जेमतेम १००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट, इतका जोर मिळतो. २००० जी साठी ४२०० च्या वर फेऱ्या लागतात. प्रत्येक केंद्रावर पट्टीने हे अंतर मोजावे, फेऱ्या काढाव्यात आणि यंत्रावर चिकटवाव्यात.

पहिली फिरवणी २००० जी, १० मिनिटे. जुने यंत्र तितके जात नसेल तर १५०० जी, पण मग सर्व केंद्रांवर १५०० च. ब्रेक बंद. वरचा पिवळा थर उचलताना पांढऱ्या पट्ट्याच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून द्यावे. हावरेपणाने शेवटचा थेंब ओढला की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स आल्याच. मग नव्या नळीत दुसरी फिरवणी, २५०० जी, १५ मिनिटे. पुन्हा तळाचा थोडा भाग सोडायचा. ही दुसरी फिरवणी गोठवण्याच्या आधीच झाली पाहिजे. गोठवले की उरलेल्या प्लेटलेट्स फुटतात आणि नंतर कितीही फिरवले तरी त्यांच्यातला माल प्लाझ्मात मिसळलेलाच राहतो. ग्रामीण रुग्णालयात एकच फिरवणी शक्य असेल, तर वेगळा केलेला प्लाझ्मा गार अवस्थेत, न गोठवता, त्याच दिवशी महाविद्यालयात आणून दुसरी फिरवणी करावी.

नंतर २०० ते २५० मायक्रोलिटरचे छोटे भाग करावेत, म्हणजे एक भाग एकदाच वितळवावा लागेल. साठवण उणे ८० अंशांना. घरगुती पद्धतीचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर नको. तो बर्फ काढण्यासाठी स्वतःच अधूनमधून गरम होतो आणि नमुने अर्धवट वितळत-गोठत राहतात. लाईट जाणे हे आपल्याकडचे वास्तव आहे. उणे ८० च्या फ्रीझरला जनरेटरची स्वतंत्र जोडणी, तापमानाची आपोआप होणारी नोंद आणि रात्री फोन उचलणारा एक नेमलेला माणूस, या तीन गोष्टींची तरतूद नसेल तर नमुने गोळा करायला सुरुवातच करू नये.

प्रयोगशाळेत आल्यावर प्रत्येक नमुन्याची तांबड्या पेशी फुटल्याबद्दल तपासणी व्हावी. ४१४ नॅनोमीटरला शोषण मोजावे, ०.२ च्या वर गेले की नमुना बाजूला. जेवून आलेल्या बाईचा प्लाझ्मा दुधाळ असतो आणि त्यानेही हा आकडा चढतो, म्हणून सोबत ३८५ नॅनोमीटरला वाचन घेऊन दुरुस्ती करावी. पीसीआरनंतर दुसरी खात्री: मिर-२३ए च्या सीटी मूल्यातून मिर-४५१ए चे सीटी मूल्य वजा करावे (सीटी म्हणजे पीसीआरच्या कितव्या फेरीत संकेत दिसला तो आकडा; तो जितका कमी, तितके प्रमाण जास्त). उत्तर ५ च्या खाली असेल तर ठीक, ५ ते ७ मध्ये शंका, ७ च्या वर गेले तर तो नमुना वगळावा. किती नमुने वगळले हे निबंधात लिहावे. हा आकडा लपवला जातो आणि वाचणाऱ्याला सर्वांत आधी तोच हवा असतो.

यंत्राची अडचण नाही. कोविडच्या काळात आलेली आरटी-पीसीआर यंत्रे हेच काम करू शकतात. सवयी मात्र बदलाव्या लागतील. कोविडमध्ये प्रश्न 'आहे की नाही' एवढाच होता. इथे 'किती' हा प्रश्न आहे. एका सीटीचा फरक म्हणजे दुप्पट प्रमाण. आणि दोन गटांतला खरा फरक बहुधा एक-दीड सीटीचाच असतो, म्हणजे हलगर्जी पिपेटिंगमध्ये सहज बुडेल इतका. प्रत्येक नमुना तीनदा लावावा, तिन्हींत अर्ध्या सीटीपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा करावा, ३५ च्या पुढच्या सीटीवर निष्कर्ष काढू नये.

आरएनए वेगळा करताना कृमीचा मायक्रोआरएनए, म्हणजे सेल-मिर-३९, ठरावीक प्रमाणात मिसळतात. किती आरएनए हाती लागला ते त्यावरून कळते. तो प्लाझ्मात थेट टाकायचा नाही. प्लाझ्मातली एन्झाइमे उघड्या आरएनएला काही क्षणांत तोडतात. आधी लायसिस बफर घालून ती एन्झाइमे निकामी करावीत, मगच तो घालावा. प्लाझ्मातला आरएनए इतका कमी असतो की नॅनोड्रॉपचा (आरएनएचे प्रमाण प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा निरर्थक ठरतो. सर्वांनी समान आकारमान, म्हणजे २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा, घेऊनच तुलना करावी. संदर्भासाठी यू६ वापरू नये, तो मायक्रोआरएनएच नाही आणि प्लाझ्मात स्थिर नसतो. मिर-१६ का नको, ते वर आलेच आहे. आपल्याच गर्भवतींच्या पन्नासेक नमुन्यांत स्थिर राहणारे तीन-चार मायक्रोआरएनए आधी शोधावेत आणि त्यांची सरासरी वापरावी. आणि मधुमेही व निरोगी नमुने प्रत्येक प्लेटवर मिसळून लावावेत. सोमवारी सगळे मधुमेही आणि मंगळवारी सगळे निरोगी असे केले, तर मोजला जातो तो वारांमधला फरक.

गरोदरपणाचा आठवडा अचूक हवा. वारेतून येणारे मायक्रोआरएनए दर आठवड्याला बदलतात, म्हणून बारा आठवड्यांची बाई पंधरा आठवड्यांच्या बाईशी ताडता येत नाही. पाळीची तारीख विचारली की 'पोळ्याच्या आदल्या दिवशी' असे उत्तर येते. ते पंचांगातून तारखेत उतरवता येते आणि बरेचदा पक्के निघते, पण त्याला ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीची जोड हवीच. याशिवाय बीएमआय, आई-वडिलांचा मधुमेह, आधीची बाळंतपणे, प्रोजेस्टेरॉन किंवा स्टेरॉइडची औषधे आणि मिश्री-तंबाखू यांची नोंद हवी. बी१२ सुद्धा मोजावे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवले आहे की आईचे बी१२ कमी आणि फोलेट जास्त असले की मुलांत इन्सुलिनला विरोध वाढतो. आणि आपल्या स्त्रियांत दिसायला सडपातळ बांध्यातही मधुमेह होतो. युरोपात लठ्ठपणाच्या पार्श्वभूमीवर सापडलेल्या खुणा इथे तशाच लागू होतील असे धरून चालणार नाही.

मधुमेही कोणाला म्हणायचे, यावरही एकमत हवे. राष्ट्रीय सूचनांप्रमाणे ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० मिलिग्रॅम किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह, पोट उपाशी असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या निकषांत उपाशीपोटी ९२, एक तासाने १८०, दोन तासांनी १५३, यांपैकी कोणताही एक आकडा पुरतो. दोन्ही पद्धती वेगवेगळ्या स्त्रिया पकडतात. रोजच्या सेवेसाठी पहिली सोयीची आहे आणि तीच चालू राहावी. अभ्यासातल्या स्त्रियांची मात्र २४ ते २८ आठवड्यांत उपाशीपोटी तीन वाचनांची तपासणी व्हावी आणि दोन्ही निकषांनी निकाल नोंदवावा. फडावर गेलेल्या सहभागी स्त्रीची ही तपासणी तिथल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात करून घेण्याची व्यवस्था आधीच लावावी लागेल, नाहीतर ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्याच अभ्यासातून गळतील.

नमुना किती मोठा? एमडीच्या एका प्रबंधात ३० मधुमेही, ३० निरोगी घेऊन साडेसातशे मायक्रोआरएनए तपासले, तर ५ टक्क्यांच्या नेहमीच्या कसोटीवर ३७-३८ निव्वळ योगायोगाने 'महत्त्वाचे' निघतील. मग त्यांतले तीन निवडून निबंध होतो आणि दुसरीकडे कोणालाच तो निष्कर्ष मिळत नाही. विद्यार्थ्याचा यात दोष नाही, त्याला एकट्याला सोडणाऱ्या रचनेचा आहे. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर या सर्वांनी एकच पद्धत मान्य करावी, एका ठिकाणच्या नमुन्यांवर खूण शोधावी आणि दुसऱ्या ठिकाणच्या नमुन्यांवर ती तपासावी. प्रबंध अनेक होऊ द्यावेत, पण साठा एकच असावा.

खूण खरी निघाली तरी तिची उपयुक्तता हिशेबाने पाहावी. समजा हजार गर्भवतींत शंभरांना मधुमेह होणार आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ती शंभरांतल्या ८० पकडेल, आणि उरलेल्या ९०० मधल्या १८० जणींनाही विनाकारण धोका सांगेल. होकार आलेल्या २६० जणींत दर दहापैकी सात निरोगी असतील. वय, बीएमआय, घरातला मधुमेह आणि पहिल्या तिमाहीतली उपाशीपोटी साखर हे फुकट किंवा स्वस्तात मिळणारे आकडे जे सांगतात, त्यापेक्षा मायक्रोआरएनएने किती जास्त सांगितले, हेच मोजायचे आहे. अभ्यासाच्या काळात मायक्रोआरएनएचा कोणताही निकाल बाईच्या हातात देऊ नये. साखरेचा निकाल मात्र त्याच दिवशी द्यावा, आणि वाढलेली असेल तर उपचार त्याच दिवशी सुरू व्हावेत.

एका गोष्टीवर आम्ही तडजोड मागत नाही. आईच्या प्लाझ्मात गर्भाचा डीएनए तरंगत असतो, हे १९९७ पासून माहीत आहे. सातव्या आठवड्यानंतर त्यातले वाय गुणसूत्र पीसीआरने सापडू शकते. म्हणजे आपण पहिल्या तिमाहीतली जी नळी गोठवणार आहोत, तिच्यातूनच, त्याच यंत्रावर, गर्भाचे लिंग कळू शकते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. अशा भूमीत हा साठा उघड्या कपाटासारखा ठेवणे हा गुन्ह्याला वाव देणे आहे. नळीवर नाव नसावे, फक्त सांकेतिक क्रमांक. नाव-क्रमांकाची यादी प्रयोगशाळेबाहेर, कुलपात. फ्रीझरला दोन किल्ल्या, दोन विभागांकडे. डीएनए वेगळा करायचा नाही, वाय गुणसूत्राचे प्रायमर (ते पीसीआरमध्ये शोधण्यासाठी लागणारे तुकडे) मागवायचे नाहीत, आणि दर महिन्याला नळ्यांची मोजदाद. बाळाचे लिंग विश्लेषणासाठी लागते हे खरे आहे, कारण काही मायक्रोआरएनए त्यानुसार बदलतात. ते बाळंतपणानंतर प्रसूती नोंदवहीतूनच घ्यावे. पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या) जिल्हा सल्लागार समितीला सुरुवातीपासून कळवावे आणि संमतीपत्रकात हे सारे साध्या मराठीत लिहावे.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना वेगळी विनंती. ही खूण सिद्ध व्हायला वर्षे लागतील. तोवर पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅमची तपासणी प्रत्येक गर्भवतीची झाली पाहिजे. विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, टोळ्या निघण्याआधी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, धोका असलेल्या स्त्रियांत विसाव्या आठवड्याआधी उपचार सुरू केल्यावर नवजात बाळांच्या गुंतागुंतीत माफक का होईना घट दिसली. ग्लुकोजची पावडर मोनोहायड्रेट असेल तर ७५ ऐवजी ८२.५ ग्रॅम तोलावी लागते, पाकिटावर वाचावे. ती ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत संपवायची. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, नंतर झाली तर तपासणी पुढे चालू. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या ३० अंशांच्या वर ठेवायच्या नसतात. मे महिन्यात गाडीच्या डिकीतला डबा टाकूनच द्यावा. रक्तक्षय जास्त असेल तर ग्लुकोमीटर साखर वाढवून दाखवतो, म्हणून हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल त्या बाईचे रक्त प्रयोगशाळेतच मोजावे. आहाराचा सल्ला देताना ओट्सचे तक्ते नकोत. ज्वारीची भाकरी किती, भात किती, वरण आणि शेंगदाण्याची चटणी कशी बसवायची, हे सांगावे. दोन आठवड्यांनी जेवणानंतरची दोन तासांची साखर १२० च्या आत नसेल तर औषध. आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम. ही तपासणी बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच ठेवली तर बाई येते.

शेवटी तारखांचे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या स्त्रिया येतात. आपल्याला हव्यात त्या १० ते १४ आठवड्यांच्या. त्यांच्यासाठी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दर आठवड्याला एक सकाळ ग्रामीण रुग्णालयात राखून ठेवावी, त्या सकाळी सेंट्रिफ्यूज आणि तंत्रज्ञ मोकळे असावेत, आणि आशाताईंना प्रत्येक बाईमागे मोबदला व येण्या-जाण्याचा खर्च अभ्यासाच्या निधीतून मिळावा. पद्धतीचा मसुदा, केंद्रनिहाय फेऱ्यांचा तक्ता, संमतीपत्रकाचा मराठी नमुना आणि तंत्रज्ञांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण तयार करून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो. चारही महाविद्यालयांच्या नीतिमत्ता समित्यांची संयुक्त बैठक जूनच्या आत झाली, तर येत्या हंगामाआधीची पहिली नळी ऑगस्टमध्ये भरता येईल.

आपले,
मराठवाड्यात जीवरसायनशास्त्र, प्रसूतिशास्त्र आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञानात काम करणारे काही जण